घाटासाठी डिटेक्टर: नोव्हेंबर ते एप्रिलच्या नोंदी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

काल त्रिपुरी पौर्णिमा, सांगलीत कृष्णेच्या सरकारी घाटावर दिवे सोडायला पाय ठेवायला जागा नव्हती. साडेसातच्या सुमाराला एक नवीन लग्न झालेली मुलगी गुडघाभर पाण्यात उतरून दिवा सोडत होती, मागनं गर्दीचा धक्का बसला, पाय घसरला, उठून बघती तर गळ्यात मंगळसूत्र नाही. आम्ही रोजचे पोहणारे चौघं तिथंच होतो. मोबाईलच्या उजेडात तास-दीड तास बुड्या मारल्या, पायानं चाचपडलं, काय लागेना. सासू तिच्यावर चिडली नाही, उलट तिचा हात धरून पायरीवर बसून राहिली, ते बघून आम्हालाच जास्त गलबलून आलं. त्यांचा फोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला.

आज सकाळी परत सहा जण उतरलो. हाताला काय लागलं, तर खिळे, बांधायची तार, मूर्तीच्या आतल्या सळईचे तुकडे. आमच्या एका पोराच्या अंगठ्यात तार घुसली, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला लागलं. ह्याच पाण्यात उन्हाळ्यात बारकी पोरं पोहायला शिकतात. घाटावर चहा पिताना ठरलं की आपल्याला एक मेटल डिटेक्टर पाहिजे, हरवलेलं शोधायला पण आणि तळातलं लोखंड काढायला पण. नोंदी मी ठेवायच्या.

२४ नोव्हेंबर, रविवार

वर्गणी काढायची ठरली. चौदा जण हाव, पण सगळ्यांना सारखं जमणार नाही, ज्याला जेवढं झेपंल तेवढं. आमचे वकील काका आज मुद्दाम आलते, त्यांनी मशीन घ्यायच्या आधी कायदा ऐका म्हणून बसवून घेतलं. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह, म्हणजे गुप्तधनाचा कायदा अजून लागू हाय, जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काय सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तू पुरावस्तूत मोडतात. संरक्षित स्मारकापासनं शंभर मीटरच्या आत खणाखणी नाहीच. म्हणून आमचा नियम असा की जुनं नाणं किंवा मूर्तीचा तुकडा लागला तर हात लावायचा नाही, काम थांबवायचं आणि कळवायचं. गुप्तधनाच्या नादाला लागलेली माणसं काय काय करतात ते आपल्याकडं सगळ्यांना माहिती हाय, आपल्या मशीनला तो वास लागता कामा नये. पोलीस ठाण्यात आणि महापालिकेत एकेक अर्ज द्यायचं ठरलं.

८ डिसेंबर, रविवार

दोन आठवडे रात्री जागून वाचलं, व्हिडिओ बघितले. डोक्यात बसलं ते लिहून ठेवतो, नाहीतर परत गोंधळ व्हायचा.

सगळ्यात कॉमन मशीन व्हीएलएफ, म्हणजे खूप कमी फ्रिक्वेन्सीचं. कॉइलमधनं, म्हणजे दांड्याच्या टोकाच्या गोल चकतीतनं, सतत एक चुंबकीय लहर सोडली जाती, खाली धातू असला की त्यात भोवरे फिरल्यासारखा करंट तयार होतो आणि त्याची उलट लहर जराशी उशिरा येती. किती उशिरा येती त्यावरनं मशीन ठरवतं की हे लोखंड, हे अॅल्युमिनियम, हे तांबं-चांदी. दुसरा प्रकार पल्स इंडक्शन, ह्यात करंटचा झटका देऊन बंद करायचा आणि खालनं येणारा सिग्नल किती वेळात विरतो ते बघायचं. खाऱ्या पाण्याचा सिग्नल झटकन विरतो, म्हणून क्षणभर थांबून ऐकलं की समुद्र गप्प आणि धातू बोलतो. ऐकायला भारी वाटतं, पण बारीक सोन्याचा सिग्नलही असाच झटकन विरतो, जास्त थांबलं की मिठाबरोबर तेही गेलं. शिवाय लोखंड कुठलं आणि सोनं कुठलं हे पल्स मशीन जवळपास सांगतच नाही. तिसरा प्रकार एका वेळी अनेक फ्रिक्वेन्सी सोडणारी मशीनं, म्हणजे २०१८ ला आलेलं मायनलॅबचं इक्विनॉक्स, तुर्कस्तानच्या नोक्टाचं लेजंड, फ्रान्सच्या एक्सपीचं डिऊस टू. समुद्राला आणि नदीला दोन्हीकडं चालतात, पण पैसेही तसेच लागतात.

एक गोष्ट सगळ्यांनी ध्यानात ठेवा. "वॉटरप्रूफ" लिहिलेलं असलं की विचारायचं, काय वॉटरप्रूफ? बऱ्याच स्वस्त मशीनची नुसती कॉइल पाण्यात चालती, वरचा स्क्रीन-बटणांचा डबा नाही. मायनलॅबचं व्हॅनक्विश चांगलं अनेक फ्रिक्वेन्सीचं मशीन हाय, तरी कॉइल एक मीटरपर्यंत आणि डबा कोरडाच ठेवायला लागतो. आम्ही छातीएवढ्या पाण्यात उभं राहणार, एकदा तोल गेला की संपलं. दोन वर्षामागं आमच्यातल्या एकानं ऑनलाईन बिनब्रँडचं मशीन मागवलं होतं, पहिल्याच पावसाच्या सरीत त्याचा डबा बंद पडला आणि विकणाऱ्यानं फोन उचलायचं सोडून दिलं. म्हणून अख्खं मशीन कमीत कमी तीन मीटर पाण्यात चालणारं पाहिजे, ह्यात तडजोड नाही.

२२ डिसेंबर, रविवार

पुण्याच्या मित्रानं त्याचं सिम्प्लेक्स प्लस वापरायला दिलंय, नोक्टाचंच पण एकाच फ्रिक्वेन्सीचं. १२ किलोहर्ट्झ, तीन मीटर वॉटरप्रूफ, ११ इंची कॉइल. विकत घ्यायच्या आधी हातात धरायला मिळालं, हे आमचं नशीब म्हणायचं.

परसात चाचणी घेतली. चार बोटं, वीतभर आणि हातभर खोल खड्डे काढून नाणी पुरली. इथं मोठा धडा मिळाला. आपली हल्लीची एक आणि दोन रुपयाची नाणी लोहचुंबकाला चिकटतात, स्टेनलेसची असली तरी लोखंडच जास्त. मशीनवर धातू ओळखायचा आकडा नुसता नाचतो, एकदा लोखंडाची घरघर, एकदा वरचा टोन. बाहेरच्या देशातली माणसं व्हिडिओत लोखंडाचा आवाज बंद करून फिरतात, तसं आपण केलं तर घाटावरची निम्मी नाणी कळायचीच नाहीत. उलट जुनं दोन रुपयाचं तांबं-निकेलचं कंगोऱ्याचं नाणं स्वच्छ वाजलं, पितळी पाच रुपयाचंही. वीतभरापर्यंत सगळं ठीक, हातभर खोल पुरलेलं एकही लागलं नाही.

मग बायकोला म्हटलं मंगळसूत्र दे जरा. तिनं दिलं, पण स्वतः शेजारी उभी राहिली. प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून वरनं कॉइल फिरवली, तर साखळीला आवाजच नाही! कॉइलला टेकवली तेव्हा कुठं बारीक किरकिर. कारण साखळीची कडी न् कडी सुटी असती, एकमेकाला नुसती टेकलेली, मशीनला अख्खी साखळी दिसत नाही, एकेक बारकी कडी दिसती. काळे मणी तर काचेचे. वाट्या मात्र अखंड पत्र्याच्या, त्यांचा सिग्नल साधारण दहा सेंटिमीटरपर्यंत आला, आकडा खालच्या बाजूला. आणि नेमका त्याच आकड्याच्या आसपास गोळ्यांच्या पाकिटाचा चंदेरी कागदही वाजला. म्हणजे त्या मुलीचं मंगळसूत्र शोधायचं तर औषधाचं प्रत्येक पाकीट उपसायला लागणार. बायको म्हणाली, "मग उपसा की, एवढं काय."

२९ डिसेंबर, रविवार

पहिल्यांदा घाटावर. खालच्या पायरीशी कॉइल पाण्यात घातली आणि कान फुटायची वेळ आली, एकही हातभर जागा शांत नाही. ग्राउंड बॅलन्स करायला रिकामी जागा मिळंना म्हणून वरच्या अंगाला वीसेक पावलं चालत गेलो. ग्राउंड बॅलन्स म्हणजे कॉइल वरखाली करून मशीनला सांगायचं की ह्या जमिनीचा आवाज हा, तो सोडून दे. आपली जमीन सगळी काळ्या पाषाणाची, त्यात चुंबकी लोखंड असतं, नदीतले काही गोटे तर मशीनला धातूच वाटतात. एक गोटा तीनदा उचलून बघितला, तीनदा वाजला.

पण गोड पाण्याचा काही त्रासच नाही, हे आज कळलं. नदीचं पाणी मशीनला जवळजवळ हवेसारखंच. म्हणजे नदीसाठी एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन पुरतं, आपली अडचण पाणी नाही, कचरा हाय. ११ इंची कॉइलखाली एका वेळी चार खिळे आणि एक नाणं येतं, मशीन तरी काय सांगणार? लहान कॉइल पाहिजे, आणि त्याच्या आधी दोरीला बांधायचं मोठं लोहचुंबक. लोखंड आधी चुंबकानं काढायचं, उरलं ते मशीननं ऐकायचं. ही कल्पना भाजी मार्केटमधल्या हमाल मामांची, ते आमच्यात सगळ्यात जुने पोहणारे.

अजून एक, २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, त्या पुरानं आणून टाकलेला गाळ काही कोपऱ्यांत अजून ढोपरभर हाय. जड वस्तू गाळात हळूहळू खाली बसत जाती. जेवढा उशीर, तेवढं ते मशीनच्या टप्प्याबाहेर.

२६ जानेवारी २०२५, रविवार

काल आंबा घाटानं रत्नागिरी, मुक्काम, आज परत. नदीसाठी ठरलंच होतं, पण निम्म्या जणांचं म्हणणं पडलं की एवढे पैसे घालायचे तर समुद्रालाही चाललं पाहिजे, वर्षातनं दोन खेपा तरी होतात.

गणपतीपुळ्याला कोरड्या वाळूत मशीन छान चाललं, बाटलीची बुचं आणि एक पाच रुपयाचं नाणं. मग लाट येऊन गेलेल्या ओल्या वाळूत गेलो आणि बडबड चालू. बीच मोड लावला, सेन्सिटिव्हिटी उतरवत उतरवत निम्म्यावर आणली तेव्हा गप्प झालं, पण आता बोटभर खोल नाणंसुद्धा धड सांगंना. पाण्यात कोणी उतरलो नाही, तिथला समुद्र दगा देतो, दरवर्षी माणसं जातात.

मांडवीला, म्हणजे रत्नागिरीकर ज्याला काळा समुद्र म्हणतात तिथं, त्याहून अवघड. लोहचुंबकाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वाळूत फिरवलं आणि वर काढलं तर काळ्या कणांच्या मिशा उभ्या राहिल्या, पिशवी उलटी करून झटकल्या की खाली काळी भुकटी, बोटाला चमकती आणि हाताला जड. ही लोखंडी वाळू आणि वरनं खारं पाणी. मिठाचा सिग्नल एका टोकाला, लोखंडी वाळूचा दुसऱ्या टोकाला, एका फ्रिक्वेन्सीचं मशीन त्यातलं एकच टोक गप्प करू शकतं. मीठ गप्प केलं की वाळू ओरडती, वाळू गप्प केली की मीठ. अनेक फ्रिक्वेन्सीवाली मशीनं दोन्हीचा हिशेब एकदम मांडतात, त्यासाठीच त्यांचे पैसे. पुस्तकी वाचलं होतं तेव्हा एवढं कळलं नव्हतं, मांडवीला दहा मिनिटं उभं राहिल्यावर कळलं.

परत आल्यावर मशीन गोड्या पाण्यानं धुतलं, दांड्याच्या आतली वाळूही काढली. समुद्रावरनं आल्यावर हे केलंच पाहिजे, मीठ कशालाच सोडत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

स्कूप, म्हणजे तळातला गाळ उपसायचं भोकाभोकांचं भांडं. बाहेरनं मागवायला महाग, म्हणून कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या पाहुण्यांच्या शेडवर करून घेतला. ३०४ स्टेनलेसचा दोन एमएमचा पत्रा, बादलीसारखा गोल वळवून पुढचं तोंड तिरकं कापलं, आर्गन वेल्डिंग, मागं पायानं दाबायला पट्टी. भोकं १६ एमएमची पाडली आणि घरी आणल्यावर चूक ध्यानात आली. अंगठी अडकंल, पण मंगळसूत्राची वाटी? कानातली कुडी? सरळ खाली. बरं, आठ एमएमची पाडली तर कृष्णेचा चिकट गाळ त्यातनं निथळणारच नाही.

हमाल मामांनीच परत तोड काढली. गवंडी वाळू चाळतात ती बारीक जाळीची चाळण ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबमध्ये बसवली, चारी बाजूंनी सुतळीनं आवळली. ती पाण्यावर तरंगती, दोरीचं टोक कमरेला. स्कूपनं गाळ उचलायचा, चाळणीत ओतायचा, हातानं हलवत राहायचं, पाणीच गाळ धुऊन नेतं आणि जाळीवर खडे आणि धातू राहतो. स्कूपची मोठी भोकं आता पत्रा लावून निम्मी बुजवली. आज परसातल्या हौदात करून बघितलं, चिखलात टाकलेली बायकोची कुडी दुसऱ्या घमेल्यात जाळीवर आली.

९ फेब्रुवारी, रविवार

निर्णय. दोन तास वाद झाला, पण चांगला वाद झाला.

लेजंडच्या बाजूनं पाच जण होते. त्यांचं बरोबर होतं, ते मशीन नदीतही सरस आणि मांडवीलाही चालंल. पण जमा झालेल्या पैशात नुसतं मशीन आलं असतं. पिनपॉइंटर (हे छोटं हातात धरायचं काठीसारखं असतं, गाळात हात घातल्यावर वस्तू नेमकी कुठं हाय ते दाखवतं), लहान कॉइल, चुंबक, हातमोजे, काही नाही. मी माझं मत सरळ मांडलं, आपण वर्षातले पन्नास रविवार कृष्णेत आणि दोन समुद्रावर असतो, मंगळसूत्र कृष्णेत पडलंय, पोरांच्या पायात तारा कृष्णेत घुसतात. जे गुहागर-दापोलीला राहतात त्यांनी डोळे झाकून अनेक फ्रिक्वेन्सीचं घ्यावं, एक फ्रिक्वेन्सीत पैसे घालून रडू नये. आपलं पाणी गोडं हाय.

शेवटी सिम्प्लेक्स अल्ट्रा, १५ किलोहर्ट्झ, पाच मीटर वॉटरप्रूफ. बारीक सोन्याला १२ पेक्षा १५ थोडं बरं पडतं. सोबत लहान कॉइल आणि पाण्यात चालणारा पिनपॉइंटर. पिनपॉइंटरशिवाय पाण्यातलं काम म्हणजे डोळे बांधून सुईत दोरा ओवणं.

वायरलेस हेडफोनवर आमची पोरं भाळली होती, त्यांना टाकीत करून दाखवलं. डबा पाण्याखाली गेला की आवाज गायब, रेडिओ लहर पाण्यातनं चार बोटंसुद्धा नीट जात नाही. छातीएवढ्या पाण्यात डबा बुडणारच. तेव्हा वायरचा पाण्यातला हेडफोन नाहीतर मुठीत जाणवणारं व्हायब्रेशन.

४ मार्च, मंगळवार

पार्सल आलं. देवापुढं ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं. मित्राचं मशीन पुसून पेढ्यांसकट पुण्याला परत.

१६ मार्च, रविवार

सकाळी आठ ते अकरा. उन्हं वर आल्याशिवाय उतरायचं नाही आणि नेहमीच्या पोहायच्या पट्ट्याच्या बाहेर जायचं नाही, हे सगळ्यांकडनं कबूल करून घेतलंय. कृष्णेत मगरी हैत, भिलवडी-औदुंबरकडं माणसांवर हल्ले झालेत, आणि हे दिवस मादीच्या अंड्यांचे. काठावर दोघं नुसते बघायला उभे, त्यांनी मोबाईल काढायचा नाही. कोयनेतनं पाणी सोडल्याची बातमी असंल तर काम बंद.

घाटाच्या कड्यांना दोरी बांधून दोन मीटरचे चौकोन आखले. पहिल्या चौकोनात आधी चुंबक ओढलं, घरी येऊन वजन केलं, तीन किलो चारशे ग्रॅम. खिळे, तार, एक अख्खा कोयता. मग मशीन. आता आवाज ऐकू येतो, एक वाजलं की एकच असतं.

२३ मार्च, रविवार

दुसरा चौकोन. पायरीच्या दगडांच्या फटीत लहान कॉइल बरोबर जाती, ११ इंचीला तिथं तोंडच घालता आलं नसतं. एक बारकं चांदीचं पैंजण सापडलं, दोन घुंगरू शाबूत, तान्ह्या पोरीचं असणार. नवीनच दिसतंय, घाटावरच्या चहाच्या टपरीवर चिठ्ठी लावली आणि पोलीस ठाण्यात नोंद केली. गोळ्यांची पाकिटं एकोणीस.

६ एप्रिल, रविवार

रामनवमी, गर्दी, मशीन काढलं नाही. दुपारी पैंजणाची आई आली. तिच्याकडचं दुसरं पैंजण जोडीला लावून बघितलं, घुंगरू मोजले, तेवढेच. पोरगी काखेत होती, तिथंच पायात घातलं.

२० एप्रिल, रविवार

तिसरा चौकोन संपला. त्या मुलीच्या घरी आज फोन केला, पाच महिने झाले, खोटी आशा लावायची नाही म्हणून आहे तसं सांगितलं. साखळीला मशीन वाजत नाही, वाट्या दहा सेंटिमीटरच्या आत असल्या तरच कळतील, आणि तिथं गाळ जास्त हाय. सासूबाईंनीच फोन घेतला होता. म्हणाल्या, "दादा, ती पडली तेव्हा उजव्या अंगाच्या दिपमाळंकडं तोंड करून उभी होती बघा." हे आम्हाला त्या रात्री कोणीच सांगितलं नव्हतं, आम्ही पार डाव्या बाजूनं सुरू केलेलं. संध्याकाळी जाऊन दोऱ्या सोडल्या आणि चौथा चौकोन उजव्या बाजूला, तिसऱ्या पायरीपासनं खाली आखला. पुढच्या रविवारी आठ वाजता, चाळण आणि लहान कॉइल माझ्याकडं, चुंबक मामांकडं.